रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीवरील वादविवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयाने यंदाच्या वार्षिक वादविवादासाठी अमेरिकेचे ३७ वे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची कारकीर्द हा विषय जाहीर केल्यापासून वक्ते, पालक, शिक्षक आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी यांच्याकडून बरेच प्रश्न आले. त्यांतील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वादविवादाच्या तयारीची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे ही उत्तरेही मीच लिहिली आहेत. जेथे माझे स्वतःचे मत आले आहे, तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

कोकणच्या किनाऱ्यावरील वाचनालयाने अमेरिकेच्या अध्यक्षावर वाद का घालावा?

कारण त्यांचे निर्णय या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हा भारतीय नौदलात कोकणातील कितीतरी घरांतील मुले होती. ऑक्टोबर १९७३ च्या पश्चिम आशियातील युद्धात रायगड जिल्ह्यातून इस्राएलला गेलेली बेने इस्राएल (कोकणातील ज्यू) कुटुंबे एका बाजूला होती. त्याच युद्धानंतर तेलाचे भाव कडाडले, आखाती देशांत पैसा आला आणि खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन येथील मुसलमान कुटुंबांतील तरुण तिकडे कामाला गेले. या सर्व घडामोडींत निक्सन यांच्या निर्णयांचा कमीअधिक वाटा आहे.

दुसरे कारण वादविवादाच्या शिस्तीचे आहे. निक्सन यांच्यासाठी येथे कोणीही मत दिलेले नाही, त्यांच्या पक्षाचा झेंडा येथे कोणाच्या दारात नाही आणि त्यांच्यावर टीका झाली म्हणून कोणाचे सोयरेसंबंध तुटणार नाहीत. परराष्ट्र धोरण आणि अल्पसंख्याकांशी वागणूक या दोन्ही गोष्टी एकत्र तोलण्याची सवय लावायची असेल, तर असा दूरचा पण पुराव्याने भरलेला विषय उत्तम ठरतो.

ठराव नेमका काय आहे?

“परराष्ट्र धोरण आणि अल्पसंख्याकांविषयीचे वर्तन या दोन बाबतींत रिचर्ड निक्सन यांची कामगिरी निंदेपेक्षा श्रेयाला अधिक पात्र आहे.” वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) ठरावाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्या प्रकरणामुळे त्यांना ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडावे लागले हे सर्वांना ठाऊक आहे आणि तो विषय आत आणला की दुसरे काही बोललेच जात नाही, हा इतर ठिकाणचा अनुभव आहे. मात्र त्या प्रकरणामुळे उजेडात आलेल्या ध्वनिफितींचा पुरावा म्हणून उपयोग करता येईल.

१९७१ मध्ये निक्सन यांनी नेमके काय केले?

हा या वादाचा गाभा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, ढाक्यात कारवाई सुरू केली. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी काही दिवसांतच वॉशिंग्टनला कळवले की निवडून निवडून माणसे मारली जात आहेत आणि हिंदू वस्त्यांवर विशेष रोख आहे. ६ एप्रिल रोजी त्यांच्या कार्यालयातून एक तार गेली, जिच्यावर तेथील २० अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपली असहमती नोंदवली होती. आपले सरकार लोकशाही चिरडली जात असताना गप्प बसले आहे आणि या अत्याचारांचा निषेध करण्यात अपयशी ठरले आहे, असे त्यांनी आपल्याच सरकारला लेखी सांगितले. सरकारी नोकरीत राहून वरिष्ठांना असे सुनावणे किती अवघड असते हे नोकरी केलेल्या कोणालाही समजेल. ब्लड यांची ढाक्याहून बदली झाली आणि त्यांच्या पुढील बढतीला खीळ बसली.

निक्सन यांच्यासमोर ही माहिती नव्हती असा बचाव म्हणूनच टिकत नाही. एप्रिलच्या अखेरीस पाकिस्तानविषयक पर्यायांचे टिपण त्यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांनी त्यावर स्वहस्ते लिहिले की या वेळी पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान यांच्यावर दबाव आणू नये. त्यातील नकाराचा शब्द त्यांनी तीनदा अधोरेखित केला होता. तो कागद आजही अमेरिकेच्या अभिलेखागारात आहे आणि कोणालाही पाहता येतो.

शस्त्रांच्या बाबतीत अमेरिकेने नवे परवाने थांबवले, पण आधी दिलेल्या परवान्यांवरील माल पाकिस्तानला जातच राहिला. जूनमध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून उघड झाली. जुलैमध्ये ‘पद्मा’ नावाचे पाकिस्तानी मालवाहू जहाज बाल्टिमोर बंदरात येत असताना क्वेकर पंथाच्या शांततावादी मंडळींनी वल्ह्याच्या लहान लहान होड्या त्याच्या वाटेत घातल्या. पोलिसांनी त्यांना उचलून नेले आणि जहाज बंदराला लागले. समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको की शेकडो फूट लांबीच्या जहाजाच्या नाळेसमोर दोन माणसांची होडी घालणे म्हणजे काय. भारताच्या बाजूने त्या काळात अमेरिकेत कोणीच नव्हते असे जेव्हा आपल्याकडे म्हटले जाते, तेव्हा या लोकांची आठवण ठेवली पाहिजे.

सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांत हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते. निर्वासितांसाठी अमेरिकेने मोठा निधी दिला, हेही अनुकूल बाजूने अवश्य सांगावे. ९ ऑगस्ट रोजी भारत-सोव्हिएत करार झाला. ४ आणि ५ नोव्हेंबरला इंदिरा गांधी व निक्सन यांच्या वॉशिंग्टनमध्ये भेटी झाल्या आणि त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाल्यावर निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी जॉर्डन व इराणमार्फत पाकिस्तानला अमेरिकी बनावटीची विमाने मिळावीत यासाठी गुप्त हालचाली केल्या. हे कायद्यात बसत नाही असे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी बजावले होते. जॉर्डनची विमाने पाकिस्तानात पोहोचलीही. चीनने भारताच्या सीमेवर हालचाल करावी असेही किसिंजर यांनी चिनी प्रतिनिधींना सुचवून पाहिले. चीनने ते केले नाही.

अमेरिकेचे सातवे आरमार भारतावर हल्ला करायला आले होते का?

तसा आदेश असल्याचा पुरावा नाही. १० डिसेंबरला ‘एंटरप्राइज’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेसह एक ताफा व्हिएतनामजवळच्या समुद्रातून हलवण्यात आला आणि १५ डिसेंबरच्या सुमारास तो बंगालच्या उपसागरात आला. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. अमेरिकी नागरिकांना बाहेर काढणे हे वरवरचे कारण देण्यात आले. खरा हेतू भारताला, आणि भारतापेक्षाही सोव्हिएत संघाला, वचक दाखवण्याचा होता. भारताने पश्चिम पाकिस्तानचे तुकडे करू नयेत म्हणून हा दबाव आवश्यक होता, असे निक्सन यांचे समर्थक म्हणतात.

आपल्या बाजूचे नौदल या काळात काय सोसत होते तेही वक्त्यांना ठाऊक असावे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्यात गेले. मात्र ‘खुकरी’ बुडण्यास निक्सन जबाबदार होते असे विधान कोणी केल्यास त्याचे गुण कापले जातील, कारण ती पाणबुडी फ्रेंच बनावटीची होती आणि त्या घटनेचा अमेरिकेच्या ताफ्याशी संबंध नव्हता.

चीनशी संबंध जोडण्यासाठी त्यांना पाकिस्तानची गरज होतीच ना? मग दुसरा मार्ग कोणता होता?

अनुकूल बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. दोन दशके अमेरिका आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. याह्या खान यांच्यामार्फत निरोपांची देवाणघेवाण झाली, जुलै १९७१ मध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप पेकिंगला (आजचे बीजिंग) जाऊन आले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन स्वतः तेथे गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मॉस्कोमध्ये अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारे करारही झाले. जग अणुयुद्धापासून काही पावले मागे सरले असे कोणी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

पण वक्त्यांनी येथे तारखा मांडून पाहाव्यात. रुमानियामार्फतही चीनशी निरोप चालले होते, त्यामुळे याह्या खान हा एकमेव मार्ग नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १५ जुलैला निक्सन यांनी चीनभेट जाहीर केली आणि त्यानंतर पॅरिसमधून थेट संपर्क सुरू झाला. म्हणजे मध्यस्थाची गरज जुलैमध्येच संपली होती, तरी पाकिस्तानविषयीचे धोरण डिसेंबरपर्यंत तेच राहिले. मार्च ते जुलै या काळाला चीनचे कारण लागू पडते, पुढच्या पाच महिन्यांना ते पुरत नाही. चीनसमोर आपण मित्राला वाऱ्यावर सोडत नाही हे दाखवायचे होते, असे उत्तर अनुकूल बाजू देऊ शकेल. ते देताना त्यांना हेही मान्य करावे लागेल की मग लाखो माणसांच्या जिवापेक्षा स्वतःची पत राखणे त्यांनी मोठे मानले.

व्हिएतनाम आणि कंबोडियावर किती वेळ द्यावा?

थोडा. युद्ध त्यांनी सुरू केले नव्हते आणि २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारानंतर अमेरिकी सैन्य परत आले. दुसरीकडे मार्च १९६९ पासून त्यांनी तटस्थ कंबोडियावर स्वतःच्या संसदेपासून लपवून बाँबफेक केली, आणि व्हिएतनाममध्ये मरण पावलेल्या सुमारे ५८,००० अमेरिकी सैनिकांपैकी २०,००० हून अधिक त्यांच्या कारकिर्दीत गेले. एवढे सांगून पुढे जावे.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ते वर्णद्वेष्टे होते की सुधारक?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मागणाऱ्यांना मी दरवेळी निराश करतो. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला उपाध्यक्ष म्हणून निक्सन यांनी पाठिंबा दिला होता, त्याच वर्षी घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना ते भेटले होते आणि त्या काळात कृष्णवर्णीयांचा त्यांच्यावर बराच विश्वास होता. १९६० च्या निवडणुकीच्या धामधुमीत किंग तुरुंगात असताना निक्सन यांचे प्रतिस्पर्धी जॉन केनेडी यांनी किंग यांच्या पत्नीला दूरध्वनी केला आणि निक्सन गप्प राहिले. १९६८ पर्यंत त्यांनी दक्षिणेकडील गोऱ्या मतदारांच्या रागाला खतपाणी घालणारी प्रचारनीती उचलली होती. सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांनी पाठवलेली हेन्सवर्थ आणि कार्स्वेल ही दोन दाक्षिणात्य नावे सिनेटने फेटाळली. मिसिसिपीतील शाळांमधील वर्णविभाजन संपवायला आणखी मुदत द्यावी, अशी मागणी त्यांच्या सरकारने न्यायालयात केली आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने नाकारली.

आता दुसरी बाजू पाहा. न्यायालयाचा निकाल लागल्यावर निक्सन यांनी दक्षिणेतील सात राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रतिष्ठितांच्या संयुक्त समित्या नेमल्या, कामगारमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे त्यांचे काम सोपवले आणि १९७० च्या शालेय वर्षारंभी हे काम फारशा रक्तपाताशिवाय पार पडले. १९६८ मध्ये दक्षिणेतील सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय मुले केवळ कृष्णवर्णीयांच्याच शाळांत जात होती. १९७२ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या बांधकाम व्यवसायात कृष्णवर्णीय कामगारांना घेण्याची उद्दिष्टे ठरवून देणारी फिलाडेल्फिया योजना त्यांच्याच सरकारने १९६९ मध्ये लागू केली आणि तिच्यामागे कामगार खात्यातील आर्थर फ्लेचर हे कृष्णवर्णीय अधिकारी होते. १९७० मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवणाऱ्या विधेयकावरही निक्सन यांनी सही केली.

श्रेय कोणाचे, हा वादाचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते शाळांच्या बाबतीत पहिले श्रेय न्यायालयांचे, आणि त्याहून आधी त्या आईबापांचे, ज्यांनी दमदाटी सोसून खटले लढवले. निक्सन यांचे श्रेय अंमलबजावणीचे आहे आणि ते खरे आहे. न्यायालयाचा आदेश हाती आल्यावर तो धाब्यावर बसवणारे राज्यकर्ते जगात काही कमी नाहीत. मात्र १९७२ च्या निवडणुकीच्या वर्षी त्यांनीच वर्णविभाजन मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागांतील शाळांत नेण्याच्या आदेशांना स्थगिती द्यावी असा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला, तो याच कामाच्या पायावर घाव घालणारा होता.

अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींचा मुद्दा कोणी मांडत नाही. तो महत्त्वाचा आहे का?

फार महत्त्वाचा आहे, आणि निक्सन यांच्या बाजूने बोलणाऱ्याने सुरुवात येथूनच करावी असे मी सुचवतो.

१९५३ पासून अमेरिकी सरकारचे धोरण असे होते की जमातींची सरकारी मान्यता टप्प्याटप्प्याने काढून घ्यावी, त्यांच्या सामायिक जमिनींचे विशेष संरक्षण संपवावे आणि लोकांना शहरांत मिसळून टाकावे. त्या वेळी निक्सन स्वतः उपाध्यक्ष होते, हे प्रतिकूल बाजूने ध्यानात ठेवावे. ८ जुलै १९७० रोजी संसदेला पाठवलेल्या संदेशात त्यांनी हे धोरण चुकीचे ठरवले आणि जमातींनी आपला कारभार आपणच चालवावा, सरकारने मदत मात्र थांबवू नये, असे नवे सूत्र मांडले. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील टाओस प्वेब्लो या गावच्या लोकांना त्यांचे ब्लू लेक हे सरोवर परत मिळाले. हे सरोवर त्यांच्या धर्माचे मूळ स्थान आहे. १९०६ मध्ये सरकारने ते राष्ट्रीय वनात सामील केले आणि त्यानंतर साठहून अधिक वर्षे गावकऱ्यांनी अर्जविनंत्या केल्या. पैशाच्या रूपात भरपाई घ्या असे त्यांना सुचवले गेले, तेव्हा त्यांनी सरोवरच हवे म्हणून सांगितले. १५ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी सुमारे ४८,००० एकर परत करणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या गावचे वयोवृद्ध धर्मप्रमुख तेथे उपस्थित होते. गावच्या देवराईवर वनखात्याचा फलक लागला आणि उत्सवाला परवानगी मागायची वेळ आली तर काय वाटेल, हे कोकणातील माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे १९७३ मध्ये विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी जमातीची काढून घेतलेली मान्यता कायद्याने परत देण्यात आली. १९७१ च्या अलास्काविषयक कायद्याने तेथील मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर मिळाले, पण त्याबरोबर त्यांचे उरलेले सर्व पिढीजात दावे संपुष्टात आले, म्हणून हा कायदा दोन्ही बाजूंना वापरता येईल. १९७३ मध्येच साउथ डकोटा राज्यातील वुंडेड नी येथे आंदोलकांना ७१ दिवस सशस्त्र वेढा पडला आणि त्यात दोन मूळ रहिवासी मारले गेले. असे असूनही या एका समूहाच्या बाबतीत निक्सन यांनी धोरणाची दिशाच बदलली, मते मिळण्याची आशा नसताना बदलली, आणि त्यांच्यानंतरच्या दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांना ती उलटवता आली नाही. हे श्रेय मी हातचे काही न राखता देतो.

ज्यूंबद्दल ते द्वेषाने बोलत, पण इस्राएलला वाचवले. याची संगती कशी लावावी?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुलै १९७१ मध्ये बेरोजगारीच्या आकड्यांवरून चिडून त्यांनी कामगार सांख्यिकी खात्यात ज्यू अधिकारी किती आहेत हे मोजायला लावले, त्याप्रमाणे मोजदाद झाली आणि काही अधिकाऱ्यांच्या जागा बदलल्या. धर्मावरून सरकारी नोकरांची यादी करणे हे नुसते बोलणे नव्हे, ते कृत्य आहे, आणि वक्त्यांनी ते कृत्य म्हणूनच मांडावे.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने हल्ला केल्यावर इस्राएलचा दारूगोळा संपत आला, तेव्हा खात्याखात्यांतील घोळ मोडून काढून निक्सन यांनी जितकी विमाने उडू शकतील तितकी पाठवण्याचा हुकूम दिला. महिनाभरात २२,००० टनांहून अधिक सामग्री हवाईमार्गे पोहोचली. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी या मदतीबद्दल निक्सन यांचे ऋण उघडपणे मानले.

सोव्हिएत संघातील ज्यूंचे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्यांना देश सोडू द्यावा यासाठी सोव्हिएत व्यापारावर अटी घालण्याच्या संसदेच्या प्रयत्नाला निक्सन सरकारने विरोध केला. शांतपणे बोलून अधिक माणसे बाहेर काढता येतात, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्या काही वर्षांत बाहेर पडणाऱ्यांची संख्या खरोखरच वाढली होती. पण मार्च १९७३ च्या एका संभाषणात किसिंजर, जे स्वतः नाझी जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू कुटुंबातील होते, म्हणाले की या लोकांचे स्थलांतर हे अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचे उद्दिष्ट नाही आणि त्यांना वायूच्या कोठड्यांत घातले तरी तो अमेरिकेचा प्रश्न ठरत नाही. निक्सन यांनी त्यांना विरोध केला नाही. ही ध्वनिफीत २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर किसिंजर यांनी खेद व्यक्त केला.

अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले अशी परंपरा सांगणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला या किनाऱ्यावर ज्यू म्हणून छळ सोसावा लागला नाही. त्यांच्यातील पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावे आज इस्राएलमध्येही आहेत. १९७३ चे युद्ध त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातील बातमी नव्हती, हे ध्यानात ठेवून बोलावे.

आखातातील नोकऱ्यांचा निक्सन यांच्याशी संबंध जोडणे ओढूनताणून नाही का?

मर्यादेत जोडला तर नाही. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी इस्राएलसाठी २२० कोटी डॉलरची मदत मागितली, दुसऱ्याच दिवशी सौदी अरेबियाने अमेरिकेला तेल बंद केले. भाववाढीची सुरुवात त्याआधीच झाली होती. साधारण ३ डॉलरला मिळणारे पिंप जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरच्या वर गेले. त्या पैशातून आखातात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि आपल्याकडची माणसे तेथे गेली. निक्सन यांच्या मनात हे काही नव्हते, त्यामुळे त्यांच्या श्रेयात ते धरता येत नाही. परराष्ट्र धोरणाचे परिणाम कोठवर जातात याचे उदाहरण म्हणून सांगायला हरकत नाही.

खासगी संभाषणातील शिव्या पुराव्यात धराव्यात का?

फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळात निक्सन यांच्या कार्यालयांत स्वयंचलित ध्वनिमुद्रण चालू होते आणि सुमारे ३,७०० तासांचे संभाषण जतन झाले आहे. इंदिरा गांधींबद्दल आणि भारतीयांबद्दल त्यांनी काढलेले उद्गार अत्यंत हीन आहेत. ते व्यासपीठावर शब्दशः उच्चारण्याची गरज नाही, कारण श्रोत्यांत शाळकरी मुले असतात.

नियम असा केला आहे : उद्गार एकट्याने आणू नये, त्याच्यासोबत निर्णय आणावा. जेथे उद्गार आणि निर्णय एकाच दिशेने जातात, जसे १९७१ मध्ये भारताबाबत घडले, तेथे उद्गारावरून हेतू कळतो. जेथे ते विरुद्ध दिशांना जातात, जसे इस्राएलच्या मदतीबाबत, तेथे निर्णयाला वजन द्यावे. उद्गार दडपून टाकणेही चालणार नाही.

कोणते दाखले टाळावेत?

अमली पदार्थांविरुद्धची मोहीम कृष्णवर्णीयांना आणि युद्धविरोधकांना बदनाम करण्यासाठीच काढली होती, अशी कबुली निक्सन यांचे सहकारी जॉन एर्लिकमन यांनी दिल्याचे एक अवतरण मोबाईलवर फार फिरते. ते त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, २०१६ मध्ये, एका पत्रकाराच्या जुन्या मुलाखतीच्या आधारे गाजले आणि त्यांच्या कुटुंबीयांनी त्याच्या खरेपणाबद्दल शंका घेतली आहे. वादग्रस्त पुराव्यावर उभा केलेला मुद्दा प्रतिपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. मोहिमेचे परिणाम कृष्णवर्णीय वस्त्यांना भोगावे लागले हे त्या अवतरणाशिवायही मांडता येते.

आपल्याकडच्या राजकारण्यांशी तुलना करता येईल का?

नाही. सध्या पदावर किंवा निवडणुकीच्या रिंगणात असलेल्या कोणत्याही भारतीय नेत्याचे नाव घेतल्यास अध्यक्ष वक्त्याला थांबवतील. तुलना श्रोत्यांनी घरी जाऊन हवी तितकी करावी.

तयारी करवून घेणाऱ्याचे स्वतःचे मत काय?

हे विचारणाऱ्यांना मी टाळत नाही, कारण परीक्षकांत मी नाही. निक्सन यांचे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळून बाकी काढू नये असे मला वाटते. टाओसच्या गावकऱ्यांना सरोवर मिळाले म्हणून ढाका विद्यापीठातील जगन्नाथ हॉल या हिंदू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे काही कमी होत नाही, आणि ढाक्यामुळे सरोवराचा न्याय खोटा ठरत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्वतःच्या देशातील अल्पसंख्याकांना त्यांनी कधी न्यायालयाच्या रेट्याने, कधी आपणहून न्याय दिला. परक्या देशातील अल्पसंख्याकांचा प्रश्न आला की तो त्या देशाचा अंतर्गत मामला आहे असे म्हणून त्यांनी हात झटकले, मग ते पूर्व बंगालमधील हिंदू असोत किंवा मॉस्कोतील ज्यू. परराष्ट्र धोरण आणि अल्पसंख्याक हे दोन वेगळे विषय आहेत असे समजून तयारी करणारा वक्ता नेमका येथे चुकेल. १९७१ पुरता तरी माझा कौल ठरावाच्या विरोधात आहे, आणि ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्याने तो बदलून दाखवला तर मला मनापासून आनंद होईल.

१९७१ मध्ये नौदलात असलेल्या किंवा आखातात राहून आलेल्या गावकऱ्यांना बोलता येईल का?

होय. दोन्ही बाजूंची मुख्य भाषणे झाल्यावर आणि खंडनाची फेरी सुरू होण्याआधी अर्धा तास त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. त्यांनी स्वतः पाहिले, ऐकले, सोसले ते सांगावे. निक्सन यांच्या मनात काय होते याची चर्चा वक्त्यांवर सोपवावी. मालवणी, संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची बोली, ज्याला जी जवळची तीत बोलता येईल. नावे ग्रंथपालांकडे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यावीत, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी खालच्या दालनात ध्वनिक्षेपकाची सोय केली आहे.